धूसरतेचे दायित्व : निसर्गछायाचित्रातील दृश्यखोली आणि पार्श्वभूमीचा प्रश्न

१

छायाचित्रात काय स्पष्ट दिसावे आणि काय धूसर राहावे, हा प्रश्न सामान्यतः तंत्राच्या पुस्तकात हाताळला जातो. भिंगाचे नाभीय अंतर, ॲपर्चरचा व्यास आणि विषयापर्यंतचे अंतर यांवरून त्याचे उत्तर काढता येते. आणि उत्तर काढता येत असल्यामुळे तो प्रश्न सुटलेला आहे, असेही मानले जाते. परंतु गणिताने सुटणाऱ्या प्रश्नाच्या पोटात कधी कधी गणिताबाहेरचा प्रश्न दडलेला असतो. स्पष्ट आणि धूसर यांच्यामधील सीमारेषा आखणे म्हणजे दृश्यातील कोणत्या गोष्टी पाहिल्या जाव्यात आणि कोणत्या केवळ असाव्यात, याचा निवाडा करणे होय. हा निवाडा मूल्यनिरपेक्ष असू शकतो काय, आणि नसेल तर त्याची कसोटी कोणती, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

छायाचित्रकारांच्या नित्याच्या बोलण्यात ज्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात, त्यासाठी येथे ‘दृश्यखोली’ हा शब्द वापरला आहे. कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या अवकाशाचा जेवढा पट्टा चित्रात स्पष्ट उमटतो, तेवढी त्या चित्राची दृश्यखोली. व्यक्तिचित्रात हा पट्टा अरुंद ठेवून मागची भिंत धूसर केली तर सहसा कोणाचे काही बिघडत नाही. निसर्गचित्रात मात्र तसे म्हणता येत नाही. तेथे मागे पडलेला भाग हा बहुधा कोणाच्या तरी वस्तीचा, उपजीविकेचा किंवा इतिहासाचा असतो. बोरिवली, मुलुंड, अंधेरी आणि घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत हे विशेषच जाणवते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत यांच्या चहूबाजूंनी दाट नागरी वस्ती आहे. येथे निसर्गाचे चित्र घेणाऱ्याला शहराचे काय करायचे हे ठरवल्यावाचून बटण दाबता येत नाही.

२

तांत्रिक बाजू थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण नैतिक प्रश्नाचे बीज तिच्यातच आहे. काटेकोर अर्थाने भिंग एका वेळी एकाच अंतरावर फोकस होते. त्या अंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा बिंदू फिल्मवर अथवा संवेदकावर बिंदू म्हणून उमटत नाही. तो बारीक चकती होऊन उमटतो. ही चकती पाहणाऱ्याच्या डोळ्याला जोवर बिंदूच वाटते, तोवर ती वस्तू ‘स्पष्ट’ धरायची, असा संकेत आहे. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी या चकतीच्या व्यासाची मर्यादा साधारणपणे ०.०३ मिलिमीटर मानतात. म्हणजे ज्याला स्पष्टता म्हटले जाते ती वस्तूच्या अंगची नव्हे. पाहणारा किती चूक खपवून घेतो त्यावर ती ठरते. दृश्यखोलीच्या व्याख्येतच एक मानवी संकेत गृहीत धरलेला आहे.

या संकेतानुसार हिशेब केला तर दोन टोके दिसतात. ५० मिलिमीटरचे भिंग एफ/१६ वर ठेवून साधारण ५.२ मीटरवर फोकस केले, तर २.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. उलट ४०० मिलिमीटरचे भिंग एफ/५.६ वर ठेवून वीस मीटरवरच्या हरणावर फोकस केले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा उरतो; अंतर दहा मीटर झाले तर तो २१ सेंटिमीटरवर येतो. पहिल्या चित्रात जागा दिसते. दुसऱ्यात प्राणी दिसतो आणि जागा रंगाच्या डागांत विरघळते.

येथे एक आक्षेप प्रथमच निकालात काढायला हवा. झाडीखालच्या अपुऱ्या उजेडात, चालत्या प्राण्याचे चित्र घेताना ॲपर्चर मोठे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. मग जे टाळता येत नाही त्याचा नैतिक विचार कशासाठी? आक्षेप अंशतः योग्य आहे. परंतु छायाचित्रकाराच्या हाती केवळ ॲपर्चर नसते. कोठे उभे राहायचे, कोणते भिंग लावायचे, कोणत्या वेळी जायचे आणि घेतलेल्या शंभर चित्रांतून कोणते प्रसिद्ध करायचे, हे त्याचेच निर्णय असतात. शिवाय आता अपरिहार्यतेची ही सबब पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. निरनिराळ्या अंतरांवर फोकस केलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करून स्थिर दृश्याला हवी तेवढी खोली देता येते. उलट दिशेने, २०१६ पासून लोकप्रिय झालेल्या मोबाइलमधील ‘पोर्ट्रेट’ सोयीत विषय कोणता आणि पार्श्वभूमी कोणती हे आज्ञावली ठरवते आणि भिंगाने न केलेली धूसरता हिशेबाने निर्माण करते. धूसरता हा पूर्वी प्रकाशाचा परिणाम होता. तो आता पुष्कळ अंशी एक निर्णय झाला आहे.

३

स्पष्टता आणि धूसरता यांच्या बाजूने छायाचित्रणाच्या इतिहासात दोन परस्परविरोधी भूमिका मांडल्या गेल्या, आणि दोघींनीही सत्याचाच दावा केला. पीटर हेन्री इमर्सन याने १८८९ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मानवी दृष्टी एका वेळी एकाच ठिकाणी नेमकी असते. म्हणून निसर्गाशी प्रामाणिक असलेल्या चित्रात मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचे किंचित मऊ असावे. पुढे थोड्याच अवधीत त्याने स्वतःच या भूमिकेचा त्याग केला. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यावरील एका अतिशय लहान ॲपर्चरचे नावच त्यांनी आपल्या गटाला घेतले आणि पायथ्याच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे काही धारदार उमटवणे हा आपला धर्म मानला.

चित्रपटसमीक्षेत आंद्रे बाझँ याने या दुसऱ्या भूमिकेला तात्त्विक अधिष्ठान दिले. ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील ग्रेग टोलंडच्या छायांकनासारख्या उदाहरणांवरून त्याने असे दाखवले की खोल फोकसच्या दृश्यात प्रेक्षकाची नजर बांधलेली राहत नाही. काय महत्त्वाचे हे त्याला स्वतः शोधावे लागते आणि वास्तवाची संदिग्धता शाबूत राहते. या युक्तिवादाचा मोह साहजिक आहे. त्याच्या आधारे असे म्हणता येईल की उथळ दृश्यखोली हुकूमशाही वृत्तीची, तर खोल दृश्यखोली लोकशाही वृत्तीची; पहिली वगळते, दुसरी सामावून घेते. निसर्गछायाचित्राची नैतिक कसोटी मग अगदी सोपी होईल : ॲपर्चर लहान करा.

या सोपेपणाला ॲडम्सचेच एक चित्र छेद देते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना स्थानबद्ध केले. कॅलिफोर्नियातील मंझनार ही त्यांच्या छावण्यांपैकी एक. ॲडम्सने १९४३ पासून तेथील लोकांची छायाचित्रे घेतली आणि १९४४ मध्ये ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल’ या पुस्तकात ती प्रसिद्ध केली. ही नैतिक धाडसाची कृती होती, यात शंका नाही. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, त्याने मंझनार येथूनच माउंट विल्यमसनचे आपले प्रसिद्ध चित्र घेतले. समोर अवाढव्य शिळांचे पठार, मागे ढगांतून झिरपणाऱ्या प्रकाशातील पर्वत, सारेच स्पष्ट. छावणीचा मात्र त्यात मागमूस नाही. दृश्यखोली पराकोटीची, आणि तरीही त्या जागेविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट चित्राबाहेर. चौकटीने जे आधीच वगळले, ते कोणतेही ॲपर्चर परत आणू शकत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. स्पष्टतेचे प्रमाण आणि प्रामाणिकपणाचे प्रमाण ही दोन निरनिराळी प्रमाणे आहेत, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा : धूसर करणे आणि वगळणे या दोन भिन्न कृती आहेत. वगळलेली गोष्ट नाहीच असे चित्र म्हणते. धूसर केलेली गोष्ट आहे, पण आत्ता तिच्याकडे पाहायचे नाही, असे चित्र म्हणते. म्हणजे धूसरतेत अस्तित्वाची एक कबुली असते, आणि कबुली दिली की तिच्यामागोमाग दायित्वही येते.

४

हे दायित्व कोणत्या प्रकारचे असते, ते समजून घेण्यासाठी साहित्यसमीक्षेतील एका विवेचनाची मदत होते. एरिक आउअरबाख याच्या ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथातील पहिल्या प्रकरणात दोन निवेदनपद्धतींची तुलना आहे. होमरच्या ‘ओडिसी’त म्हातारी दाई नायकाचे पाय धुताना त्याच्या मांडीवरचा व्रण ओळखते, तेव्हा निवेदन थांबते आणि त्या व्रणाचा पूर्ण इतिहास सांगते. काहीही अर्ध्या उजेडात राहत नाही. सारे अग्रभागी, समान प्रकाशात येते. याउलट बायबलमधील अब्राहमाच्या कथेत, पुत्राचा बळी देण्यासाठी निघालेल्या बापाच्या तीन दिवसांच्या प्रवासात जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. पण जे सांगितले नाही त्याचा भार प्रत्येक शब्दावर आहे. आउअरबाखच्या मते तेथील पार्श्वभूमी रिकामी नसून आशयाने भारलेली असते.

छायाचित्राच्या भाषेत बोलायचे तर होमरची दृश्यखोली अथांग आहे आणि बायबलच्या त्या कथेची अगदी अरुंद. तरीही अरुंद दृश्यखोलीची कथा अधिक उथळ ठरत नाही. याचाच अर्थ असा की धूसरतेचे दोन प्रकार मानले पाहिजेत. एक भारित : ज्यात मागे काहीतरी आहे आणि त्याच्यावाचून पुढचे समजणार नाही, अशी जाणीव पाहणाऱ्याला होते. दुसरी रिक्त : ज्यात मागचा भाग केवळ रंगाचा सुखद पडदा होऊन पुढच्या विषयाला उठाव देतो. ‘बोकेह’ या जपानी मूळ असलेल्या शब्दाने अलीकडे धूसरतेच्या पोताचेच रसग्रहण होऊ लागले आहे. धूसरता स्वतःच सुंदर ठरली की तिच्याआड काय आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. रिक्ततेकडे जाणारी ही नेहमीची वाट आहे.

भारित आणि रिक्त यांतील भेद केवळ संवेदनेवर सोडून चालणार नाही. त्यासाठी एक व्यावहारिक प्रश्न सुचवता येतो. चित्रातील धूसर भाग उद्या स्पष्ट झाला, तर स्पष्ट भागाचा अर्थ बदलेल काय? बदलणार नसेल तर ती धूसरता निर्दोष आहे. बदलणार असेल तर त्या धूसरतेवर दायित्व आहे. मागे जे आहे त्याची खूण तिने शिल्लक ठेवायला हवी.

५

हा प्रश्न उपनगरांतील प्रत्यक्ष दृश्यांना लावून पाहता येईल. उद्यानातील कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्या एका फुलाचे जवळून चित्र घेतले आणि मागची शेकडो जांभळी फुले धूसर राहिली, तर ती स्पष्ट होण्याने पुढच्या फुलाचा अर्थ बदलणार नाही. फार तर विपुलता कळेल. ही धूसरता निर्दोष आहे.

ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचे तसे नाही. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस, मिठागरे आणि तिवरांच्या पलीकडे दरवर्षी जमणाऱ्या या पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लांब भिंगातून घेतलेल्या त्यांच्या चित्रांत दोन्ही काठांवरच्या इमारती आणि विजेच्या तारा एका फिकट पट्ट्यात विरतात आणि गुलाबी पंख एखाद्या निर्मनुष्य सरोवरावर असल्यासारखे भासतात. परंतु लहान रोहित पक्षी ज्या सूक्ष्म शैवालावर जगतो, ते खाडीच्या चिखलात वाढण्यास शहरातून येणाऱ्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांचा हातभार लागतो, असे अभ्यासक मानतात. मागचा पट्टा स्पष्ट झाला तर पक्षी तेथे का आहे, हेच नव्याने विचारावे लागेल. म्हणून ही धूसरता दायित्वाची आहे.

बोरिवलीच्या जंगलाच्या बाबतीत पार्श्वभूमी काळातही मागे जाते. कान्हेरीची लेणी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदली जाऊ लागली आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत. म्हणजे हे अरण्यवासी विहार बंदरांच्या आणि व्यापाराच्या संपत्तीवर उभे होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुलसी हे जलाशय तयार झाले. त्यांच्या पाणलोटासाठी राखलेली जमीन हे येथील झाडी टिकण्याचे एक कारण होय. कान्हेरीच्या माथ्यावरून एफ/१६ वर चित्र घेतले तर पायाशी खडकात कोरलेले पाण्याचे टाके, मध्ये जंगल आणि पलीकडे बोरिवलीचे मनोरे एकाच चित्रात स्पष्ट येतात. ते मनोरे मिटवून जंगल ‘शुद्ध’ करणारे चित्र केवळ आजचे शहर मिटवत नाही. ज्या शहराने हे जंगल घडवले आणि वापरले त्याचा इतिहासही मिटवते.

या शुद्धतेच्या कल्पनेची किंमत माणसांनी मोजलेली आहे. एका पर्यावरणवादी संस्थेने १९९५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्या अनेक कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली, अपात्र ठरलेल्यांना ती मिळाली नाहीत. त्या आदेशावाचून जंगल किती उरले असते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दोन रास्त हक्कांचा तो संघर्ष होता आणि तो एखाद्या छायाचित्राने घडवला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या जंगलाची जनमानसातील प्रतिमा वर्षानुवर्षे माणसाविना तयार झाली, त्या जंगलातला माणूस दिसू लागताच तो ‘अतिक्रमण’ म्हणूनच दिसतो. आधी धूसर असलेली व्यक्ती अकस्मात स्पष्ट होते, ती आरोपी म्हणून.

६

येथे एक गंभीर प्रतिवाद संभवतो. बिबट्याच्या प्रत्येक चित्रात माणूस कशासाठी हवा? प्राण्याला त्याचे स्वतःचे जग आहे. मानवी खुणा धूसर करणे म्हणजे निदान एका चौकटीपुरते तरी त्याला माणसाच्या कथेतून मुक्त करणे नव्हे काय? मानवकेंद्री दृष्टीला कंटाळलेल्या कोणालाही हा युक्तिवाद पटण्याजोगा वाटेल. पण त्यात ‘स्वतःचे जग’ हे अरण्यच असणार, असे गृहीत धरलेले आहे. या परिसरातील बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. वस्तीची कड, कचऱ्याची जागा, पाड्यामागची वाट हे त्याच्या जगाचे बाहेरचे अडथळे नव्हेत; ते त्याचे जगच आहे. २०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांच्या पाहणीत उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. ते या जगात जगतात. गल्ली पुसून टाकणारे चित्र बिबट्याला मुक्त करत नाही. त्याला त्याच्या घरातून काढून आपल्या कल्पनेतल्या घरात नेऊन ठेवते.

उलट दिशेचा धोकाही लक्षात घेतला पाहिजे. बिबट्या आणि इमारत दोन्ही धारदार दाखवले म्हणून त्यांचे नाते दिसेलच असे नाही. २००४ मध्ये उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्याचे एक कारण असावे, असे मत अभ्यासकांनी नंतर मांडले. अशा काळात शहराच्या पार्श्वभूमीवरचा स्पष्ट बिबट्या ‘घुसखोर’ म्हणूनच वाचला जातो. ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द जंगलातल्या झोपडीलाही लागतो आणि गल्लीतल्या बिबट्यालाही. तो कोणाला चिकटेल हे फोकस कोठे आहे यावर ठरते. पार्श्वभूमी नुसती स्पष्ट करणे पुरेसे नाही, ते एवढ्यासाठी.

या दोन्ही धोक्यांच्या मधून वाट काढणारे एक चित्र उपलब्ध आहे. मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीतील एका पाड्याच्या अरुंद बोळात रात्री घेतलेल्या बिबट्याच्या चित्राला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. चित्र मिळण्यास चार महिने लागले. अशा चित्रासाठी कॅमेरा आधीच जागेवर बसवून ठेवावा लागतो. प्राणी समोर नसताना फोकसचे अंतर, ॲपर्चर आणि प्रकाश ठरवावे लागतात. म्हणजे येथे पार्श्वभूमी आधी येते. भिंती, वाट आणि पाड्याचा उजेड रचून होतो आणि विषय नंतर, आला तर, त्यात चालत येतो. विषय निवडून उरलेले मागे ढकलण्याच्या नेहमीच्या क्रमाची ही उलटापालट आहे. बोळ बिबट्याला उठाव देत नाही आणि बिबट्या बोळावर चाल करून येत नाही. तो तेथून जातो, एवढेच चित्र सांगते.

या पाड्यांत राहणाऱ्या वारली समाजात वाघोबाची पूजा होते, आणि त्यांच्या चित्रकलेत दृश्यखोलीचा प्रश्नच नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या आकृतींत झाड, माणूस, जनावर आणि देव एकाच प्रतलावर असतात. दूर म्हणून कोणी लहान किंवा पुसट होत नाही. मात्र या कलेला निवड माहीत नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लग्नाच्या चौकात मध्यभागी पालघट देवी असते आणि बाकीचे जग तिच्याभोवती मांडले जाते. केंद्र आहे, पण केंद्राला ठळक करण्यासाठी परिघ पुसावा लागत नाही. पारंपरिक झोपडीत ही भिंत कारवीच्या काठ्यांचा कूड सारवून केलेली असते. म्हणजे कारवीचे जे फूल वर निर्दोष धूसरतेचे उदाहरण म्हणून घेतले, त्याच्याही मागे वस्तीतल्या कोणाची तरी भिंत असू शकते. आणि तशी असेल त्या चित्रात उत्तर बदलावे लागेल. सुचवलेला प्रश्न एकदा विचारून संपणारा नाही. तो प्रत्येक चित्राला नव्याने विचारावा लागतो.

७

दृश्यखोलीच्या कोणत्याही मापाला स्वतःची नैतिकता नसते, हे वरील विवेचनातून स्पष्ट व्हावे. लक्ष देणे म्हणजे निवडणे. सर्वांकडे सारखेच लक्ष देणारी नजर बहुधा कोणाकडेच लक्ष देत नाही. म्हणून धूसरता हा दोष नाही. दोष आहे तो, ज्याच्या आधाराने विषय उभा आहे त्याला अनोळखी करून टाकण्यात.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशातील कोरडे रान दीर्घकाळ वस्तीच्या मागे उभे असते आणि अखेरीस दुष्काळाच्या रूपाने पुढे येऊन ती वस्तीच रिकामी करते. ती पार्श्वभूमी पहिल्यापासून भारित होती, हे वाचकाला तेव्हा उमगते. मराठीतील निसर्गलेखनाची चर्चा आजवर शैली, निरीक्षणाची सूक्ष्मता आणि भाववृत्ती यांच्या अंगाने पुष्कळ झाली. त्या लेखनात फोकस कोठे आहे, त्यामुळे कोण धूसर झाले, आणि जे धूसर झाले ते स्पष्ट झाल्यास फुलाचा, पक्ष्याचा, अरण्याचा अर्थ तोच राहील काय, याची तपासणी अद्याप व्हावी तितकी झालेली नाही. ती करताना लेखकांवर आरोपपत्र ठेवण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेमध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा ‘हे जंगल आहे की नाही’ असा वाद सार्वजनिक चर्चेत आणि न्यायालयात झाला. एखादी जागा जंगल म्हणून दिसते की मोकळी जमीन म्हणून, हे तिच्या प्रतिमांनी आणि वर्णनांनी आधीच बरेचसे ठरवलेले असते. समीक्षेने त्या प्रतिमांचा मागचा भाग वाचायला शिकणे, ही म्हणूनच केवळ रसग्रहणाची बाब राहत नाही.